चिमणी कुठं हाय?

आमची होडी दोघांचीच. खलाशी नाही, कुणी नाही. सुकाणूवर हे, जाळं ओढायला मी, चहाला मी आणि भांडायलाही मीच. मी मूळची घाटावरची. वडील तारापूरच्या वीजकेंद्रात नोकरीला आले, बोईसरला मी बारावी झाले आणि सरळ शिरगावच्या एका मच्छीमाराशी लग्न करून मोकळी झाले. पहिल्या महिन्यात होडीत इतकी ओकायचे की सासूबाई म्हणाल्या, "ही मासे धरायची नाय, माशांना जेवण घालायची." आता वीस वर्षं झाली. आता किनाऱ्यावरच मला गरगरतं.

गेल्या पौषात होडी वर काढली. तळाला शिंपले चिकटलेले, एक फळी कुजलेली, रंग तर नावालाच उरलेला. पुनवेच्या उधाणाला काढायची आणि अमावस्येच्या उधाणाला परत पाण्यात सोडायची, मधले पंधरा दिवस सुतार आणि रंगारी राज्य करणार. म्हणजे आम्हाला पंधरा दिवसांची सुट्टी! लग्नानंतर एवढी सलग सुट्टी आम्हाला कधी मिळाली नव्हती.

पण माझ्या डोक्यात सुट्टीपेक्षा वेगळंच होतं. होडी वर काढायला आणताना, दुपार कलल्यावर, लख्ख उजेडात, खाडीच्या तोंडाशी जाळ्यांसाठी रोवलेल्या खांबांवर ह्यांनी होडी जवळजवळ घातलीच होती. मी किंचाळले म्हणून वाचलो. तरी एक बाजू चांगली खरवडून निघाली. "ऊन आला डोल्यांत," हे म्हणाले. अहो, पश्चिमेकडून येतोय आपण, ऊन पाठीला आहे, डोळ्यांत येईल कुठून? तेव्हाच मी ठरवलं, अमावस्येच्या आत ह्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचंच. नाहीतर पुढच्या खेपेला माझी किंकाळी उशिरा निघाली तर?

सांगितलं तर ह्यांनी घर डोक्यावर घेतलं. "माजे डोले घारीचे हायत! घारीला कोण चष्मा लावतो?"

मग मी सरळ वाट सोडली. आधी ह्यांना होडीपासून लांब न्यायला हवं होतं, कारण हे दिवसातून पाच वेळा जाऊन सुताराच्या डोक्यावर उभे राहायचे. शेवटी सुतारच माझ्या दारात आला. हात जोडून म्हणाला, "वहिनी, ह्यांना कुठंतरी फिरवून आना, नायतर फळी ह्यांच्याच डोक्यात बसवीन."

पहिल्यांदा गेलो पालघरला. सिनेमा पाहिला, त्यात हे मध्यंतरापर्यंत घोरले. दोन ठिकाणी वडापाव खाल्ला आणि कुठला बरा यावरून भांडलो. मग मी सहज म्हणावं तसं म्हटलं, "माझे डोळे जरा चुरचुरतात, त्या चष्म्याच्या दुकानात डोकावू या का?" बेत असा की एकदा आत घेतलं की ह्यांनाच खुर्चीत बसवायचं. पण हे पायरीवर शेंगदाणे खात बसले ते बसलेच. आत दुकानदाराने मला खुर्चीत बसवलं, जवळचं वाचायला लावलं, आणि निघालं काय, तर मलाच चष्मा! वाचायचा, पण चष्माच ना. मी तो नाकावर चढवून बाहेर आले तेव्हा ह्यांना हसता हसता शेंगदाणा अडकला. पुढचे दोन दिवस येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, "मला घेऊन गेली होती तपासायला, आणि सवता आंधली निघाली."

मला असा राग आला म्हणून सांगू!

त्या रागातच आम्ही बोईसरला गेलो. माझ्या शाळेच्या वाटेवर एक मिसळीचं दुकान होतं, ते शोधायचं होतं. बोईसर आता ओळखू येत नाही. जिकडे तिकडे इमारती, रिक्षा आणि हिंदीत भाव करणारी माणसं. मी गोंधळले, तसा ह्यांना चेव आला. "समुद्रात रस्ता सापडतो, ह्या गल्लीबोळात नाय सापडणार? चिमणी कुठं हाय ती सांग, मी बरोबर नेतो."

हे चिमणीचं सांगायला हवं. समुद्रातून आमच्या खुणा किनाऱ्यावरच्या. डोंगराचा एक खांदा, देवळाचा कळस, तारापूरकडची उंच चिमणी. चिमणी डोंगराच्या कुठल्या बाजूला दिसते त्यावरून आपण कुठे आहोत ते कळतं. गेले दोन हिवाळे हे मला सारखे विचारायचे, "चिमणी कुठं हाय, सांग बघू?" मी सांगायचे, डोंगराच्या डाव्या अंगाला, अजून थोडी उघडी आहे, डोंगराआड गेली नाही. "शाबास!" म्हणायचे आणि सुकाणू वळवायचे. बायकोला कुणी खुणा शिकवत नाही. हे शिकवतात, परीक्षा घेतात, याचा मला केवढा तोरा होता! माहेरी जाऊन आईला सांगून आले होते की मी आता अर्धी तांडेल झाले, होडी चालवणारी.

पण त्या दिवशी मी रुसलेली. म्हटलं, "तुम्हीच शोधा तुमची चिमणी. तुमचे डोळे घारीचे."

हे छाती काढून चालायला लागले. डावीकडे, उजवीकडे, परत डावीकडे. अर्धा तास, पाऊण तास. दुकानं संपली, कारखान्यांच्या भिंती संपल्या, गवताच्या गंजी दिसायला लागल्या. मी मुद्दाम एक शब्द बोलले नाही. पाटी आली तेव्हा ह्यांना खिजवायला मी नवा चष्मा काढून पुसला. बेटेगाव! मिसळ राहिली पार मागे.

अंगणात एक आजी सुपात तांदूळ पाखडत होती. ह्यांनी विचारलं, "आजी, चिमणी कुठल्या अंगाला हाय?"

आजीने ह्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि सूप पुढे केलं. "ह्या काय, इथंच हायत. कण्या खाया येतात. तुला कितीक पायजेत?"

चार चिमण्या तिच्या पायाशी टिपत होत्या. मी पोट धरून हसले. आजीही हसली. हे पण हसले आणि म्हणाले, "तसली नाय वो, धुराची."

माझं हसू तिथेच थांबलं. कारण धुराची चिमणी ह्यांच्या नाकासमोर होती. कौलांच्या वर, निळ्या आभाळात, चांगली उंच, धूर सोडत. हे तिच्याकडेच तोंड करून उभे होते आणि तिचाच पत्ता विचारत होते.

परीक्षा नव्हती ती. दोन हिवाळे ह्यांना चिमणी दिसतच नव्हती. मी सांगायचे म्हणून आम्ही घरी येत होतो.

रस्त्यातच मला रडू फुटलं. माझा तोरा गेला म्हणून, भीतीने, आणि ह्या माणसाने एवढं एकट्याने दाबून ठेवलं म्हणूनही. आजी बिचारी पाणी घेऊन आली. हे खाली बघत म्हणाले, "धुरकट दिसतं गं जरा. सांगितलं असतं तर तू होडी विकाया लावली असती. मग आपण दोघं काय करनार? तू घरात, मी नाक्यावर?"

"आणि बुडालो असतो तर?" मी ओरडले. "मला वाटत होतं तुम्ही मला शिकवताय!"

"शिकलीस की," हे म्हणाले.

मी सांगून टाकलं. अमावस्येला होडी पाण्यात जाईल, पण डोळे दाखवल्याशिवाय मी तिच्यात पाय ठेवणार नाही. सगळ्या गावासमोर किनाऱ्यावर बसून राहीन. हे परतीच्या रिक्षेत तोंड फिरवून बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे. "चल. पण आत माज्यासंगती बसायचं."

पालघरच्या दवाखान्यात भिंतीवर अक्षरांचा तक्ता होता. तिथल्या मुलीने ह्यांचा एक डोळा झाकला आणि वरची ओळ वाचायला सांगितली. वरच्या ओळीत एकच अक्षर, ताटाएवढं. ह्यांनी मान किंचित माझ्याकडे वळवली आणि अगदी समुद्रातल्या त्याच थाटात म्हणाले, "काय लिवलंय, सांग बघू?"

मुलगी हसली. तिला वाटलं, काका मस्करी करतायत.

अक्षर माझ्या जिभेवर आलं होतं. वीस वर्षांत ह्यांनी विचारलं आणि मी सांगितलं नाही असं ती बेटेगावची वाट सोडली तर कधी झालं नव्हतं. मी पदराचं टोक दातांत धरलं आणि गप्प बसले. हे थांबले. परत थांबले. मग हात चाचपत माझा गुडघा शोधला, त्यावर ठेवला आणि त्या मुलीला म्हणाले, "नाय दिसत, बाय."