ठेवणीतली काडतुसं

लेकीने टेक्सासातल्या मुलाशी लग्न केलं आणि मला शिकारी व्याही मिळाले. पहिल्याच हिवाळ्यात त्यांनी विचारलं, "मॅम, हरणाला येणार का?" आपल्याकडे मुंजीला येणार का विचारतात, त्याच सुरात. मी मटण आवडीने खाते; मारायचं काम कायम दुसऱ्यावर कशाला ढकलायचं, म्हणून हो म्हटलं. भीती एकाच गोष्टीची होती. हरीण एका गोळीत मेलं तर ठीक. अर्धमेलं होऊन झाडीत पळालं, तर ते मला चालणार नव्हतं.

म्हणून अभ्यासाला बसले. सत्तावीस वर्षं इंजिनिअरिंग केलेल्या बाईला बंदुकीआधी एक्सेल शीट लागतं. महिनाभर मी काडतुसांचा इतिहास भरत होते. आधी काळी दारू आणि बोराएवढी शिशाची गोळी: धूर भरपूर, वेग बेताचा. मग बिनधुराची दारू आली. वेग इतका वाढला की नुसतं शिसं नळीतच खरवडलं जाऊ लागलं, म्हणून गोळीवर तांब्याचं आवरण चढलं. बोथट नाक टोकदार झालं. थर्टी-ऑट-सिक्स नावाचं काडतूस लष्करातून शिकारीत आलं, मग जवळपास तेवढीच ताकद आखूड पितळी नळकांड्यात बसवून थ्री-ओ-एट आलं. आता सिक्स-पॉइंट-फाइव्हची लांब, सडपातळ गोळी आहे. तिला वारा कमी ढकलतो आणि आपल्या खांद्यालाही धक्का कमी बसतो.

हे सगळं मी एका रविवारी जेवताना व्याह्यांना ऐकवलं. त्यांनी शांतपणे मक्याचं कणीस संपवलं.

"माझ्या वडिलांनी जुन्या थर्टी-थर्टी बंदुकीवर सहा मुलं पोसली, मॅम. हरणांनी यातलं काही वाचलेलं नव्हतं."

"आई, प्लीज," लेक म्हणाली, "आता स्लाइड्स दाखवू नकोस हं."

स्लाइड्स केल्या नव्हत्या, असं मी म्हणाले. चार केल्या होत्या.

व्याह्यांनी त्यांची थ्री-ओ-एटची बंदूक वापरायला दिली. मी दोन प्रकारची काडतुसं घेतली. सरावाला साधी, शिशाच्या टोकाची, भरपूर. आणि प्रत्यक्ष शिकारीसाठी वीसचा एकच डबा: अख्ख्या तांब्याची, वजनाला हलकी, अगदी नवी गोळी. सहा शनिवार नेमबाजीच्या रेंजवर जाऊन साध्या काडतुसांवर बंदूक झिरो केली. म्हणजे दुर्बीण अशी जुळवली की जिथे बघू तिथेच गोळी लागेल. शेवटी लागोपाठच्या तीन गोळ्यांची भोकं पुरीएवढ्या जागेत यायला लागली. चांगला डबा मात्र कपाटात वरच्या फळीवर, न फोडता. आमच्या घरात हीच रीत. चांगले कप पाहुण्यांना, चांगली साडी लग्नाला, रोजच्याला टवके उडालेलं काहीतरी. हरीण म्हणजे तर केवढा प्रसंग!

शिकारीच्या दिवशीचं मचाण म्हणजे खांबांवरचं प्लायवुडचं खोकं होतं, आत ऑफिसातल्या दोन जुन्या खुर्च्या. उजाडून तासभर झाला असेल, दीडशे यार्डांवर एक नर बाहेर आला आणि आडवा उभा राहिला. मी बंदूक टेकवली. व्याह्यांची नजर माझ्या पायाशी ठेवलेल्या डब्यावर गेली.

"ही कुठली भरलीत?" ते कुजबुजले.

"चांगली."

"यांवर झिरो केलीत?"

"यांवर कशी करणार? ही आजसाठी ठेवली होती."

त्यांनी डबा आपल्याकडे ओढला. मग म्हणाले, "बोट चापावरून काढा, मॅम."

मी काढलं. हरीण दहा मिनिटं निवांत चरत होतं; साधी काडतुसं मी गाडीतच ठेवली होती. वजन बदललं की गोळी दुसऱ्याच जागी लागते, हे माझ्या शीटच्या नवव्या कॉलममध्ये होतं. महत्त्वाचं म्हणून मी तो पिवळा रंगवला होता.

दुपारी व्याह्यांनी मोठ्या पुठ्ठ्यावर मार्करने हरीण काढलं आणि तेवढ्याच अंतरावर उभं केलं. खांद्यामागे नेम धरून मी ठेवणीतल्या तीन गोळ्या झाडल्या. तिन्ही भोकं एकमेकांना चिकटून, अगदी बघण्यासारखी. फक्त तळहातभर मागे आणि खाली. पोटात.

"असं हरीण पळत राहतं," ते म्हणाले. "संध्याकाळपर्यंतही मरत नाही."

मी पुठ्ठ्यासमोर जरा जास्तच वेळ उभी राहिले. मग साधी काडतुसं भरली. ती बरोबर खांद्यामागे लागली.

दुसऱ्या सकाळी हरीण आलं आणि साध्या गोळीने वीस पावलांत पडलं. आम्ही जवळ गेलो. मी विचारलं, "नक्की मेलंय ना?" ते हो म्हणाले. मी परत विचारलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर त्यांनी बाह्या सरसावल्या आणि सुरी माझ्या हातात दिली.

"सोलायला घ्या, मॅम. खात्री पटेल."