पोपटी सदरा आणि चालू कोड

हसणार नसाल तर सांगते. नाही, हसा तुम्ही! फक्त चहा तोंडात असताना नको.

तीन आठवडे माझ्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. का? तर बोटीला कठडा असतो, कठड्याला फटी असतात, आणि आमचा सोहम चार वर्षांचा असला तरी मांजरासारखा कुठूनही निसटतो. आणि निसटलेल्या पोराचा हात कोण परकी बाई धरेल, सांगता येतं का?

दिवाळीत सुरतेतली मशिनं बंद पडली की आमच्या भेस्तानची अर्धी सोसायटी बॅगा भरून खानदेशात जाते. आम्हीही जातो. या वर्षी मात्र माझ्या नवऱ्याने, निलेशने जाहीर केलं, "मुंबईहून मोठ्या बोटीने गोव्याला जायचं आणि परत यायचं. मुलांना समुद्र दाखवू."

सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "गाव सोडीसन समुद्रमा? आनि पोऱ्हेस्ले कोन सांभाळी, तू? भाजी बजारमा तुले सोहम सापडत नही!"

भाजी बाजाराचं खरं आहे, नाकारत नाही. पण ते वाक्य मला लागलं. ठरवलं, ही सहल अशी करून दाखवायची की सासूबाईंनी पुन्हा भाजी बाजाराचं नाव काढता कामा नये.

मी बी.एड. केलेली बाई. घरी शिकवण्या घेते. मग काय, सोसायटीच्या पार्किंगमध्ये रोज संध्याकाळी तालीम!

"सोहम, हरवलास तर?"

"जागेवरून हलणार नाही."

"कोणी हात धरला तर?"

"ओरडणार!"

"आणि कोणी म्हणालं, मी तुझ्या मम्मीकडे नेते, तर?"

"कोड विचारणार."

हा कोड, म्हणजे आमचा गुप्त शब्द, माझं खास डोकं. पहिला कोड होता 'भरीत'. तो सासूबाईंनी कौतुकाने पूर्ण बिल्डिंगला सांगितला. दुसऱ्या दिवसापासून वॉचमनसुद्धा पोराला "काय भरीत, कसा आहेस?" म्हणायला लागला. मग बदलला. तोही फुटला. पुन्हा बदलला. किती वेळा बदलला, ते मला विचारू नका. त्या सगळ्याचं मूळच तिथे आहे.

दुसरा उपाय होता रंगाचा. निलेश पलसाण्याच्या एका मिलमध्ये कापड रंगवण्याचं काम बघतो. मी म्हटलं, "अहो, असा रंग आणा की समुद्रात पडलं तरी विमानातून दिसेल."

त्याने एक पोपटी तुकडा आणला. पोपटी कसला, डोळ्यांत बोट घातल्यासारखा! "एका पार्टीने ऑर्डर देऊन मुद्दाम करून घेतला. लॉटमधला शेवटचा तुकडा आहे. असा रंग बाजारात मिळायचा नाही."

मी दोन्ही मुलांना तेच शिवलं. सोहमला सदरा, सात वर्षांच्या ओवीला फ्रॉक. एवढ्या मोठ्या बोटीवर हा रंग फक्त माझ्या मुलांच्या अंगावर! मला त्या रात्री गाढ झोप लागली.

बोटीवर पहिला दिवस छान गेला. सासूबाईही आल्या होत्या. "पोऱ्हेस्वर ध्यान ठेवाले कोनी पाहिजे ना!" दुसऱ्या दिवशी सकाळी निलेश ओवीला घेऊन स्विमिंग पूलकडे गेला. मी आणि सोहम वरच्या डेकवर. मी पर्समध्ये हात घातला. घरच्या सांजोऱ्या चोरून आणल्या होत्या. बोटीवर बाहेरचं खाणं चालत नाही म्हणे, पण दिवाळीला माझी मुलं काय पाव खाणार? पदराआड डबा उघडला, सांजोरी काढली, वर बघते तर सोहम नाही.

घाबरले नाही हं! पोपटी रंग होता ना. समोर दहा पावलांवर पोपटी पाठ दिसली. तीच उंची, तसेच उभे राहिलेले केस. मी मागून जाऊन दंड धरला आणि म्हटलं, "हलायचं नाही म्हणून सांगितलं होतं ना? आ कर!" आणि अर्धी सांजोरी तोंडात कोंबली.

पोराने मान वळवली. तोंडभर सांजोरी, आणि चेहरा अनोळखी!

तेवढ्यात मागून किंकाळी. "ए बेन! मारा जिगरने शुं खवडावो छो?"

वळून बघते तर काय? पोपटी साडीतली एक आजी. तिच्यामागे पोपटी कुर्त्यातले आजोबा. त्यांच्यामागे पोपटी काका, पोपटी काकू, आणि पोपटी पोरांची अशी काही झुंड की डेकवर भाताचं शेत उगवल्यासारखं! सुरतेच्या कापडवाल्यांचं कुटुंब, लग्नाची पन्नास वर्षं साजरी करायला आलेलं. सगळ्यांना एकच कापड, मुद्दाम रंगवून घेतलेलं.

पार्टी! निलेशची पार्टी!

तीन आठवडे मी ज्या बाईच्या भीतीने जागी होते, परक्याच्या पोराचा हात धरून त्याला खाऊ चारणारी ती बाई... ती मीच निघाले हो!

सिक्युरिटीचा उंचापुरा माणूस आला. "मॅडम, यह बच्चा आपका है?"

"नाही... नहीं. मेरा दुसरा है. ऐसाच दिखता है. ऐसेच कपडे में है."

"कहाँ है?"

खरंच, कुठे होता? कठडा, फटी, खाली निळं पाणी. मी रडत "सोहम! सोहम!" करत सुटले. पोपटी पोरांचे चेहरे वळवून बघू लागले, तशा पोपटी आया आपापली पोरं ओढून घेऊ लागल्या.

आणि मग तो दिसला. खांबाशेजारी, हाताची घडी घालून, ताठ उभा. मघापासून सगळं बघत होता.

"सोहम! अरे, हाक नाही मारायची?"

"ओरडायचं ते कोणी हात धरला तर. माझा कुठे धरला? तू त्या दादाचा धरलास."

मी दोन्ही हात पसरून धावले, तर त्याने तळहात पुढे केला. "कोड?"

शप्पथ सांगते, डोकं कोरं! सिक्युरिटीवाला माझ्याकडे बघतोय, मी सोहमकडे.

"भ... भरीत!"

"ते जुनं."

"बेटा, यह तुम्हारी मम्मी है?" सिक्युरिटीवाल्याने विचारलं.

"पहले कोड," सोहम म्हणाला.

नाकातून पाणी, डोळ्यांतून पाणी. कुठूनतरी आठवलं आणि मी ओरडले, "पिवळी सायकल!"

सोहमने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग सिक्युरिटीवाल्याकडे बघून म्हणाला, "बरोबर. मम्मीच आहे."

काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू! सिक्युरिटीवाल्याने सोहमला सॅल्यूट ठोकला. "मॅडम, ऐसा ट्रेनिंगवाला बच्चा हमने नहीं देखा." त्या आजींनी मला जवळ घेतलं आणि जिगरसाठी आणखी दोन सांजोऱ्या मागून घेतल्या. डबा उघडा पडला, तर सिक्युरिटीवाला समुद्राकडे बघायला लागला! सोहमसमोर आजींनी चॉकलेट धरलं, तर पठ्ठ्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली, मगच घेतलं. सगळ्या पोपटी आया माझ्याभोवती. "बेन, आ केवी रीते शीखवाड्युं?" मी पदर सावरला आणि तिथेच वर्ग घेतला. जागेवरून न हलणे, ओरडणे, कोड. दोघींनी तर मोबाइलमध्ये लिहून घेतलं!

गलका ऐकून सासूबाई आल्या, निलेश आणि ओवी आले. सगळं ऐकल्यावर सासूबाई म्हणाल्या, "चांगलं शिकाडं व माय पोऱ्याले." झालं! भाजी बाजार कायमचा बंद! समुद्राच्या मधोमध मला ते वाक्य मिळालं.

आजी म्हणाल्या, "कापड आपणुं एक, तो फोटो पण एक!" आम्हाला ओढून त्यांच्या कुटुंबाच्या फोटोत उभं केलं. सोहम माझ्या कडेवर. माझी मान अशी ताठ, जणू बोट मीच चालवतेय.

फोटोवाला म्हणाला, "स्माइल!" आणि सोहमने माझ्या कानाला तोंड लावलं.

"मम्मी, पिवळी सायकलपण जुनं आहे. काल तूच बदललंस. पण तू खूप रडत होतीस ना, म्हणून मी पास केलं. त्या सॅल्यूटवाल्या काकांना सांगू नको हं."