माहिती केंद्रातले अप्पा

पर्यटन माहिती केंद्रात शिरताना अप्पा चपला दाराबाहेर काढायचे. देवळाबाहेर काढतात तशा, जोडीने, भिंतीला लावून. आत फरशीवर वाळू, कोपऱ्यात मोडकी खुर्ची, भिंतीवर उन्हाने पांढरा पडलेला नकाशा. तरी अप्पा अनवाणीच जायचे. टेबलामागचा माणूस आधी त्यांच्या पायांकडे बघायचा आणि मग आपोआप उभा राहायचा. "बसा, बसा," असं अप्पाच त्याला म्हणायचे, जणू खोली यांची आणि तो पाहुणा.

समुद्राकाठच्या गावांतली ही केंद्रं तुम्हीही पाहिली असतील. स्टँडजवळ नाहीतर धक्क्याच्या वाटेवर एक खोली, तिच्यावर निळी पाटी. आपण पाटी वाचतो आणि पुढे जातो. फार तर एखादं माहितीपत्रक उचलतो. अप्पांसोबत मी कोकणाच्या तीन सहली केल्या. तेवढ्यात ते अशा नऊ केंद्रांत जाऊन बसले. कमीत कमी बावीस मिनिटं आणि जास्तीत जास्त एक तास दहा मिनिटं. हे आकडे माझ्याकडे आहेत, कारण तेवढा वेळ मी बाहेर गाडीपाशी घड्याळ बघत उभा असायचो.

लातूरला ते आमच्या समोरच्या घरात राहायचे. गोलाईच्या बाजारात त्यांचं भांड्यांचं दुकान होतं. मूळचे उदगीरकडचे, त्यामुळे बोलताना मधूनच एखादा कानडी शब्द यायचा. मी मोजणी खात्यात आहे. रेणापूर भागातल्या शेतांच्या हद्दी मोजण्यात माझी बावीस वर्षं गेली. अप्पा मला 'मोजणी सायेब' म्हणायचे. त्यात चेष्टा होती की आदर, हे मला कधी ठरवता आलं नाही, आणि न ठरवता आलेली गोष्ट मला आवडत नाही.

पहिल्या वर्षी डिसेंबरात कॉलनीतली तीन घरं मिळून आम्ही गाडी केली. चौदा माणसं आणि ड्रायव्हर. आखणी माझ्याकडे होती. चार पानं मी लिहून काढली होती. कुठून किती वाजता निघायचं, किती किलोमीटर, कुठे किती मिनिटं थांबायचं, सगळं. पहिल्याच गावात अप्पांनी निळी पाटी पाहिली आणि ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवला.

"अप्पा, सगळं लिहून आणलंय मी," मी म्हणालो.

"तुमचं बरोबरच आसंल हो. पण त्यायच्या गावात आलोत, आधी त्यायला इचारू की."

चाळीस मिनिटांनी ते बाहेर आले. शेजारच्या खाडीत त्या दिवशी नवी होडी पाण्यात लोटणार होते, हे त्यांना आत कळलं होतं. माझ्या पानावर त्या वेळेला दीपगृह होतं. गाडी खाडीकडे वळली. तिथे सगळा गाव दोराला लागलेला. अप्पांनी माझ्या मुलीला पुढे केलं. "जा आक्का, हात लाव." ती तेव्हा तेरा वर्षांची होती. दोर ओढून तळहात लाल झाले. लातूर येईपर्यंत ती ते तळहात सगळ्यांना दाखवत होती. माझ्या यादीतली पाच ठिकाणं आम्ही नंतर पाहिली. त्यांचं नाव कोणी काढलं नाही.

दुसऱ्या वर्षी मी ठरवलं की हे माणूस आत जाऊन काय करतं ते बघायचं. मी मागोमाग गेलो आणि दाराशी उभा राहिलो. अप्पांनी कुठलं ठिकाण किती लांब, हे विचारलंच नाही. टेबलामागच्या बाईंना त्यांनी विचारलं, जेवण झालं का? गाव कोणतं? इथपर्यंत रोज कशानं येता? आपण मांस-मासळी खात नाही, तर चार घास कुठे मिळतील? आणि सगळ्यात शेवटी, "ताई, तुमाला सुट्टी आसली की तुमी सोता कुटं जाता?"

बाई हसल्या. थोडा विचार केला. मग त्यांनी एक टेकडी सांगितली, जी कुठल्याच माहितीपत्रकात नव्हती.

निघताना अप्पांनी पिशवीतून अर्धा किलो तूरडाळीची पुडी काढून टेबलावर ठेवली. बाहेर आल्यावर मी म्हणालो, "ही लाच झाली, अप्पा."

"लाच कशाची? आपल्याकडची हाय. त्यायनी त्यायच्याकडचं दिलं, आपुन आपल्याकडचं."

पुढच्या गावात मी अप्पांच्या आधी उतरलो. बूट काढले नाहीत, ते मला जमलंच नसतं. पण प्रश्न तोच विचारला. "सुट्टी असली की तुम्ही स्वतः कुठे जाता?" तिथल्या तरुणाने माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाला, "झोपतो." मग बोटाने भिंतीवरचा नकाशा दाखवला. मी एकूण साडेतीन मिनिटांत बाहेर आलो. मागून अप्पा गेले आणि तासाभराने त्याच तरुणाच्या खांद्यावर हात टाकून बाहेर आले. तो आम्हाला सुरंगीच्या झाडांचं बन दाखवायला गाडीतून सोबत आला. वाटेत माझ्या शेजारीच बसला होता आणि सगळा वेळ अप्पांशी बोलत होता.

याला हेवा म्हणतात, हे मला माहीत आहे. मी तो लपवायचो, पण बायकोला दिसायचा. "त्यांना माणसं मिळतात, तुम्हाला जागा मिळतात. काय बिघडलं?" ती म्हणायची. बिघडलं ते एवढंच, की गाडीत माझी मुलगी आता विचारायची, "बाबा, कागद राहू द्या ना. अप्पा काय म्हणतेत ते बघू." ती मुद्दाम बोलायची नाही. म्हणूनच ते जास्त लागायचं.

तिसरी सहल तिच्या दहावीच्या वर्षातली. त्यानंतर दोन वर्षं शिकवण्या, परीक्षा. लातूरला हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. सहल पुन्हा होईल तेव्हा ती आमच्यासोबत येण्याच्या वयाची राहणार नव्हती. एकदा तरी समुद्राची एखादी गोष्ट तिला मी दाखवावी आणि 'बाबांनी दाखवलं' असं तिने म्हणावं, एवढंच मला हवं होतं. निघण्याआधी मी अप्पांच्या अंगणात गेलो आणि सरळ सांगितलं.

"अप्पा, यंदा निळ्या पाट्या बंद. सगळं मी ठरवलंय."

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाले. "यंदा तुमचं. मी गप."

आम्ही पोचलो त्या सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, लोक चालत पाण्यातल्या किल्ल्याकडे निघाले होते. ओहोटीला तिथे वाळूची वाट उघडते. मी वेळ टिपून ठेवली. किल्ला शेवटच्या दिवसासाठी राखला. त्या दिवशी सात वाजता सगळ्यांना वाटेवर न्यायचं, साडेनऊला लातूरकडे निघायचं. तोपर्यंतचे तीन दिवस मी मुलीला सांगत होतो, "चौथ्या दिवशी बघ."

अप्पांनी शब्द पाळला. एकाही केंद्रासमोर गाडी थांबवली नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तेवढे ते माझ्या मुलीला घेऊन पाय मोकळे करायला गेले आणि येताना सगळ्यांसाठी कोकम सरबताच्या बाटल्या घेऊन आले. मी खोलीत बसून दुसऱ्या दिवशीच्या वेळा लिहीत होतो.

चौथ्या दिवशी साडेसहाला सगळे तयार. आणि अप्पांचा चष्मा सापडेना.

गादीखाली, खिडकीत, न्हाणीघरात, सगळीकडे शोधाशोध. सात वाजले. मी म्हणालो, "किल्ला बिनचष्म्याचा बघा."

"न्हाई हो सायेब, मला फुडचं दिसंना. वाळूत पडलो मंजी?"

साडेसात. अप्पांनी पिशवीतले कपडे एकेक करून झटकले, घड्या घालून परत ठेवले. मग म्हणाले, चहा घेतल्याशिवाय आठवणार नाही. चहा झाला. माझ्या बायकोची संकष्टी होती. तिला फराळाचं काही मिळालं नाही म्हणून लॉजवाल्याला साबुदाणा भिजवलाय का, असं विचारत अप्पा स्वयंपाकघरात जाऊन बसले. माझ्या हातात घड्याळ आणि कागद. मी काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. एवढं लिहितो, की दुकानात गिऱ्हाईक ताटकळत ठेवायची सवय समुद्राला चालत नाही, असं मी चौदा माणसांसमोर म्हणालो. काकू, म्हणजे अप्पांच्या घरच्या, खाली बघत होत्या.

"चुकलंच," अप्पा म्हणाले.

साडेआठच्या पुढे चष्मा अप्पांच्याच कोटाच्या आतल्या खिशात निघाला. आठ पंचावन्नला आम्ही किनाऱ्यावर पोचलो. माझी मान खाली होती. वाट बुडाली असणार, असं मी धरून चाललो होतो.

वाट उघडी होती. ओली, तुळतुळीत, किल्ल्याच्या दरवाजापर्यंत. दोन्ही बाजूंना पाणी मागे सरलेलं आणि वाळूवर खेकड्यांनी काढलेल्या बारीक गोळ्यांची रांगोळी. मुलीने माझा हात धरला. इतक्या मोठ्या मुली बापाचा हात धरत नाहीत. आम्ही सगळ्यांच्या पुढे चालत होतो. मी पावलं मोजली, पाचशे बारा. दरवाजात पोचल्यावर ती म्हणाली, "बाबा, तुमी बरोब्बर वेळेला आणलं."

मी मागे वळून पाहिलं. अप्पा धोतराचा सोगा धरून सावकाश येत होते. मला वाटलं, आज तरी हे माझ्या मागे आहेत.

येताना गाडीत मी त्यांना पुन्हा ऐकवलं. तुमच्यापायी एक तास पंचावन्न मिनिटं गेली, नशीब म्हणून वाट मिळाली. अप्पा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "नशीबच हो, सायेब."

त्यानंतर सहल झाली नाही. मुलगी नांदेडला डॉक्टरकी शिकायला गेली. अप्पांच्या मुलाने दुकान सांभाळायला घेतल्यावर ते दुपारी ओट्यावर बसून असायचे. मी ऑफिसातून येताना ते हात वर करायचे, मीही करायचो. त्यापलीकडे मी गेलो नाही. एक गोष्ट मी त्यांच्याकडून जिंकून घेतली होती आणि ती मला जपायची होती.

यंदाच्या उन्हाळ्यात अप्पा गेले. दोन दिवस ताप आणि तिसऱ्या दिवशी पहाटे झोपेतच. मुलगी नांदेडहून आली तेव्हा आम्ही काकूंकडे भेटायला गेलो. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी मनातलं बोलून टाकलं.

"त्या चष्म्याच्या दिवशी मी अप्पांना फार बोललो, काकू. एवढं बोलायला नको होतं."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं नाही. माझ्या मुलीकडे पाहिलं.

"बाबा," मुलगी म्हणाली, "चष्मा माझ्यापाशी होता."

मला समजलं नाही.

"आदल्या दिवशी संध्याकाळी आम्ही माहिती केंद्रात गेलतो. अप्पा म्हणले, मी गप बसतो, तू इचार. मी किल्ल्याचं विचारलं. तिथल्या मॅडम म्हणल्या, उद्या सातला वाट नसणार, ती रोज पाऊण तास पुढं सरकते."

रोज पुढे सरकते. आमच्या भागात नळ आठवड्यातून एकदा येतो, पण कुठल्याही वारी आला तरी सव्वासहालाच. पाण्याला वेळ असते, हे मी लहानपणापासून धरून चाललो होतो. ती वेळ चालते, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

"त्यांनी हिशोब पण सांगितला," मुलगी म्हणाली. "तिथीची पाऊणपट करायची. अप्पा म्हणले, उद्या चतुर्थी. चाराची पाऊणपट तीन. तीनला भरती, नऊला ओहोटी."

इतकं साधं गणित. ते मलाही जमलं असतं, फक्त मी कोणाला विचारलं नव्हतं.

"मग मला सांगायचं ना."

"मी म्हणलं होतं सांगू. अप्पा म्हणले, न्हाई आक्का, तुझा बाप तीन दिस झाले तुला चौथ्या दिवसाचं सांगून राहिलाय." तिने काकूंकडे पाहिलं. "चष्मा मी साडेआठला त्यांच्या कोटात टाकला."

काकू उठल्या आणि आत चहा ठेवायला गेल्या. त्यांनाही सगळं माहीत होतं. त्या दिवशी चौदा माणसांसमोर त्या खाली का बघत होत्या, ते मला आत्ता कळत होतं.

किल्ल्याच्या दरवाजात ती जे बोलली, ते मी चार वर्षं जवळ ठेवलं होतं. आता ते कोणाचं होतं? तिला विचारावंसं वाटलं, पण विचारलं दुसरंच.

"त्या केंद्रात तू आणि अप्पा किती वेळ बसला होतात?"

मुलीने जरा आठवून पाहिलं.

"मोजलं न्हाई, बाबा," ती म्हणाली, आणि काकूंच्या मदतीला आत गेली.