उखळाखालची लोटी

कुणाची बादली विहिरीत पडली की गावात छगनच्या नावानं हाक जायची. बुडी मारून तो ती वर आणायचा आणि मोबदल्यात फक्त भाकरी मागायचा. पैसे पुढे केले की तोंड वाकडं. असा हा अवलिया!

तो रांगत असतानाच त्याची आई गेली. शेजारच्या राहीबाईनं त्याला वाढवलं. तिच्या चुलीजवळ जमिनीत पुरलेलं दगडी उखळ होतं. त्यात कुटलेला ठेचा भाकरीवर घालून ती म्हणायची, “खाल्ल्याबिगर जायाचं न्हाई.”

पुढे मुळा नदीवर धरण झालं. दारं, वासे, पत्रे काढून आम्ही वरच्या माळावर आलो. जमिनीतली उखळं उपटत कोण बसतो? ती राहिली पाण्याखाली. राहीबाईला तर तापात बैलगाडीत घालूनच आणलं होतं. बरी झाल्यावर ती म्हणाली, “उखळाखाली लोटी ऱ्हायली. सासूनं दिलेलं रुपये हायेत त्यात.”

ती ठेव सासूनं फक्त सुनेला सांगायची, अशी त्यांच्या घरची रीत. कानिफनाथचं, म्हणजे तिच्या मुलाचं, लग्न व्हायचं होतं. त्याला काय ठाऊक? चारचौघांत तो म्हणाला, “तापानं आईला भ्रम झालाय.” झालं, गाव हसायला मोकळा. म्हातारीनं बोलणंच टाकलं.

छगनला ते सोसवेना. उन्हाळ्यात पाणी उतरलं, मारुतीच्या देवळाचा कळस दिसू लागला, तसा तो होडी आणि पहार घेऊन निघाला. कळसावरून अंदाज बांधून त्यानं बुड्या मारल्या. भिंतींचा चिखल झाला होता. पण चुलीजवळची ती जागा त्याच्या पायांना बरोबर सापडली. उखळ कलतं करून त्यानं हात घातला.

लाखेनं तोंड बंद केलेली लोटी त्यानं राहीबाईच्या ओटीत ठेवली. लाख फोडली, तर राणीछाप रुपये, अगदी कोरे करकरीत. राहीबाईनं त्यातला एक छगनपुढे धरला.

“मला ठेचा घाल, आये.”

“उखळ कुठंय रं आता?”

दुसऱ्या दिवशी छगन दोर बांधायला पाण्यात उतरला. वरून ओढायला कानिफनाथ गेला, कुणी न सांगता.

दारात उखळ बसलं, ठेचा झाला. पहिली भाकरी छगनला मिळाली. आम्ही हसणारे मान खाली घालून मागे सरकू लागलो, तशी राहीबाई म्हणाली, “खाल्ल्याबिगर जायाचं न्हाई कुणी.”

त्या भाकरीचे उपकार मी अजून विसरलेलो नाही.