अठरा मसुदे आणि एक फेअर कॉपी

मंगळवारी सकाळी अकरा वाजता प्रभाकर साळवे दिल्लीत आर. के. पुरममधल्या आमच्या कला केंद्रात आले आणि त्यांनी माझ्या टेबलावर एक मोठं पाकीट ठेवलं. पाकिटात एक चित्र होतं. यायला हवी होती एकोणीस. प्रदर्शन पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी उघडणार होतं.

"बाकीची दुसऱ्या फेरीत आणताय का?" मी विचारलं.

"बाकीची नाहीत, मॅडम. ही फेअर कॉपी आहे."

"आणि इतर?"

"ते ड्राफ्ट होते. डिस्पोज केले."

आमचं केंद्र लहान आहे. तळमजल्यावर एक हॉल, त्याला लागून कार्यशाळेची खोली. महिन्याला एक प्रदर्शन, दोन व्याख्यानं, शनिवार-रविवारी चित्रकलेचे वर्ग. हे सगळं लावण्याचं काम मी चौदा वर्षं करते आहे. रूथ साळवे आमच्या शनिवारच्या वर्गात सहा वर्षांपूर्वी आल्या. मूळच्या नगरच्या. नवरा केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर, राहायला इथल्याच एका सेक्टरमधलं सरकारी क्वार्टर. वर्गात त्या कमी बोलत. गेल्या उन्हाळ्यात एकदा सहज म्हणाल्या, की घरी काही जुनी चित्रं आहेत, वेळ असेल तर बघायला ये.

मी गेले. कपाटावर एक फोल्डर होतं. त्यात स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसणारा एकच कडुनिंब होता, एकोणीस वेळा. रूथताई दर गुड फ्रायडेला चर्चमधून आल्या की दुपारी तो काढत. गुड फ्रायडेची तारीख दरवर्षी बदलते. कधी मार्चमध्ये येतो, कधी एप्रिलमध्ये. दिल्लीतला कडुनिंब नेमका त्याच दिवसांत जुनी पानं टाकतो आणि नवी धरतो. त्यामुळे एका वर्षी झाड नागडं, दुसऱ्या वर्षी तांबूस, तिसऱ्या वर्षी हिरवं. दिवस तोच, खिडकी तीच आणि झाड दरवेळी वेगळं. मी तिथेच प्रदर्शन ठरवलं. साळवेसाहेब मे महिन्यात निवृत्त झाले होते. निवृत्तीनंतर क्वार्टर सहा महिने ठेवता येतं. नोव्हेंबरअखेर ते रिकामं करून दोघं नगरला कायमचे जाणार होते. रूथताईंचं हे पहिलंच प्रदर्शन होतं, आणि दिल्लीत दुसरं होण्याची शक्यता नव्हती.

त्या दिवशी मी एक चूक केली. चित्रं निवडताना प्रत्येकाचा फोटो काढायचा, हा आमच्या कामातला पहिला नियम. मी एकाचाच काढला, शेवटच्या चित्राचा. तो निमंत्रणपत्रिकेवर छापायचा होता. बाकीच्यांचे केंद्रात आल्यावर काढू, असं ठरवलं.

साळवेसाहेबांची चूक वेगळ्या प्रकारची होती. ती समजण्यासाठी वीडिंग म्हणजे काय ते सांगायला हवं. सरकारी कार्यालयात जुने कागद वेळोवेळी निवडून काढतात. प्रत्येक फाइलला वर्ग असतो. 'ए' म्हणजे कायम ठेवायची. 'सी' म्हणजे मुदत संपली की नष्ट करायची. अंतिम पत्राची फेअर कॉपी राहते, त्याआधीचे मसुदे जातात. साळवेसाहेबांनी हे काम छत्तीस वर्षं केलं होतं, आणि त्यांच्या सेक्शनमध्ये कधी कागद हरवला नव्हता.

रूथताई घराची रंगरंगोटी बघायला नगरला गेल्या होत्या. दिल्लीतली बांधाबांध साहेबांकडे होती. कपाटावरचं फोल्डर केंद्रात पोचवा, असं ताईंनी फोनवर सांगितलं. न वाचता कागद पुढे पाठवण्याची साहेबांना सवय नव्हती. त्यांनी फोल्डर उघडलं. एकाच विषयाचे एकोणीस कागद. त्यांनी निमंत्रणपत्रिका काढून ताडून पाहिलं. पत्रिकेवर एकोणिसावं चित्र होतं. रूथ घाईत मसुदे वेगळे करायला विसरली, असा त्यांनी निष्कर्ष काढला. तिचं काम नीटनेटकं जावं म्हणून त्यांनी फेअर कॉपी पाकिटात घातली आणि उरलेले अठरा कागद रविवारी रद्दीत दिले.

हे सगळं त्यांनी मला क्रमाने सांगितलं. मी प्रदर्शन काय आहे ते सांगितलं. ते ऐकून त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"म्हणजे सगळेच फायनल होते," ते म्हणाले.

"हो."

"ती गुरुवारी येतेय."

आम्ही लगेच रिक्षा केली. सेक्टरच्या कबाडीवाल्याने साहेबांना ओळखलं. तो म्हणाला, "साहब, कागज़ तो उसी दिन गोदाम चला जाता है।" गोदाम मुनिरकाच्या मागे एका गल्लीत होतं. तिथल्या माणसाने सांगितलं, की रविवारचा माल सोमवारी सकाळी बांधून कारखान्याला गेला. तरीही साहेबांनी उरलेले ढीग बघण्याची परवानगी मागितली. इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या दुमडून ते दोन तास वर्तमानपत्रं आणि शाळेच्या वह्या उलटत होते. कारखान्याला मी फोन केला. माल लगद्यासाठी भिजवला गेला होता.

केंद्रात परतल्यावर आमच्या संचालक मिसेस भाटिया यांना सगळं सांगितलं. त्यांना शनिवारी हॉल रिकामा ठेवायचा नव्हता. "चलो, बच्चों की वर्कशॉप का काम लगा देते हैं," त्या म्हणाल्या. "रूथ की एक पेंटिंग एंट्रेंस पर।" सूचना व्यवहार्य होती. मी शुक्रवारपर्यंतचा वेळ मागून घेतला.

साहेब अजून माझ्या टेबलासमोर बसले होते. अठरा चित्रांपैकी कुठली आठवतात का, असं मी त्यांना विचारलं. कॅटलॉगमध्ये निदान उल्लेख राहावा, एवढाच हेतू होता.

"आठवायचं कशाला?" ते म्हणाले. "यादी आहे."

यादी केल्याशिवाय काहीही नष्ट करायचं नाही, हाही वीडिंगचा नियम. त्यांनी पिशवीतून चार फूलस्केप कागद काढले. समास आखलेला, अक्षर टपोरं, मराठी. तीन रकाने होते: अनुक्रमांक, तपशील, शेरा. मी वाचायला घेतली.

"१. कडुनिंब. पानं नाहीत. मागे समोरच्या ब्लॉकचा जिना. दोरीवर शाळेचा युनिफॉर्म (मुलगी निशा हिचा)."

"४. नवी पानं, तांबूस. डावीकडे पाण्याची टाकी. टाकीवर कावळा, एक."

"७. खालचा अर्धा भाग कोरा. त्या दुपारी नगरहून फोन आला होता (रूथची आई)."

"९. दोरीवर युनिफॉर्म नाही. निशा हॉस्टेलला."

"११. डावी फांदी नाही. आदल्या वर्षी आंधीत पडली."

"१२. डावी फांदी दाखवली आहे. प्रत्यक्षात नव्हती."

"१५. खिडकीच्या काचेत रूथचा चेहरा, पुसट. जवळून पाहिल्यास दिसतो."

"१६. रस्ता पूर्ण रिकामा. लॉकडाउन. चर्च बंद."

अठराही नोंदींसमोर शेऱ्याच्या रकान्यात एकच वाक्य होतं: "वीड करावे."

चित्र ताब्यात घेताना आम्ही त्याचा कंडिशन रिपोर्ट लिहितो. चित्रात काय आहे, कुठे डाग, कुठे सुरकुती, याची ती नोंद असते. चौदा वर्षांत मी शेकडो लिहिले. कुणाचा चेहरा जवळून पाहिल्यास दिसतो, असं एकातही लिहिलेलं नाही.

ही यादीच भिंतीवर लावता येईल, असं मी साहेबांना सांगितलं. मात्र चित्रकाराच्या परवानगीशिवाय आम्ही काही लावत नाही. आणि काय झालं ते ताईंना त्यांनी स्वतः सांगायला हवं होतं.

"फोनवर सांगू?"

"तुम्ही ठरवा."

"फोनवर नाही," ते म्हणाले. "अशी गोष्ट समोर उभं राहून सांगायची असते."

गुरुवारी निजामुद्दीन स्टेशनवर, सामान उतरवल्यावर, फलाटावरच त्यांनी सांगितलं. पुढचं मला नंतर दोघांकडून कळलं आणि दोघांचं म्हणणं जुळतं. रूथताई पिशवी उचलून रिक्षाकडे चालू लागल्या. घरी आल्यावर कपाटावर हात फिरवून बघितलं. रात्रीचा स्वयंपाक साहेबांनी केला.

शुक्रवारी दहा वाजता दोघं केंद्रात आले. ताई माझ्यासमोर बसल्या. साहेब उभे राहिले.

"मनीषा, यादी दे," ताई म्हणाल्या. यादी माझ्या ड्रॉवरमध्ये होती. मंगळवारी साहेब ती माझ्याकडेच ठेवून गेले होते.

त्यांनी चारही पानं सावकाश वाचली. सातव्या नोंदीशी थांबल्या. मग पुढे गेल्या. पंधराव्यावर बोट ठेवलं.

"हा तुम्हांला दिसला होता?"

"दिसला."

"कधी?"

"तू काढलास त्याच दिवशी. चित्र वाळत ठेवलं होतंस टेबलावर."

"मला वाटलं कुणालाच दिसला नाही."

"जवळून बघावं लागतं," साहेब म्हणाले.

"दरवर्षी बघायचात?"

"तू झोपलीस की."

"मग इतक्या वर्षांत एक शब्द नाही?"

"चित्रातलं मला काय कळतं, रूथ? दिसलं तेवढं लिहिलं."

ताईंनी पुन्हा कागदाकडे पाहिलं. "आणि शेरा काय? वीड करावे. बायकोचा चेहरा ओळखला, नोंद केली आणि वीड केला. बिल्कुल नियमात."

साहेब उभेच होते. ताईंनी त्यांच्यासाठी खुर्ची पुढे ओढली. "बसा आता," त्या म्हणाल्या.

यादी लावण्याची कल्पना मी तेव्हा मांडली. शेऱ्याचा रकाना झाकता येईल, असंही सांगितलं. ताईंनी नकार दिला. "असू दे. लोकांना कळू दे मी कुणाबरोबर संसार केला."

मिसेस भाटियांनी अठरा रिकाम्या फ्रेम सुचवल्या. ताईंना त्या नको होत्या. फ्रेमशिवाय, नुसती भिंत ठेवा, असं त्या म्हणाल्या. त्यांनी एकच बदल केला. माझं पेन घेऊन बाराव्या नोंदीखाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं: "फांदी होती. मला दिसत होती."

हँगिंग प्लॅन, म्हणजे कुठलं चित्र भिंतीवर कुठे लागेल याचा नकाशा, मी बदलला नाही. चित्रांसाठी मोजून ठेवलेली जागा तशीच सोडली. प्रत्येक जागेखाली नेहमी जिथे कॅप्शन लागतं तिथे साहेबांच्या यादीतली एकेक नोंद लावली. शेवटी, एकोणिसाव्या जागी, चित्र. यादीची मूळ पानं मध्ये काचेच्या टेबलात. दाराशी दोन ओळींचा खुलासा होता. चित्रं कशी गेली ते त्यात सरळ लिहिलं होतं. तो मजकूर साहेबांनी तपासून दिला आणि त्यात स्वतःचं नाव घातलं. मी घातलं नव्हतं.

प्रदर्शन ठरलेल्या शनिवारी वेळेवर उघडलं. लोक कोऱ्या भिंतीसमोर उभं राहून वाचत होते आणि वाचून झाल्यावर भिंतीकडे बघत होते. शेजारच्या ब्लॉकमधल्या एका बाईंनी पाण्याची टाकी उजवीकडे होती म्हणून साहेबांशी वाद घातला. ताईंनी साहेबांची बाजू घेतली. नोकरीसाठी गुरुग्रामला राहणारी त्यांची मुलगी निशा दुपारी आली. पहिल्या नोंदीपासून नवव्या नोंदीपर्यंत गेली आणि परत पहिलीकडे आली.

रविवारी ताईंची कार्यशाळा होती. विषय आधीच ठरलेला होता: खिडकीतून दिसणारं. ताईंनी प्रत्येकाला यादीतली एक नोंद वाटली आणि ती काढायला सांगितली. साहेब मागच्या खुर्चीवर बसले होते. ताईंनी त्यांच्यापुढेही कागद ठेवला. नोंद पंधरावी.

"मी काय काढणार?"

"दिसलं होतं ना? मग काढा."

त्यांनी फूटपट्टी मागून घेतली. दीड तासात एक खिडकी काढली. चौकट, दोन गज, कडी, सगळं मापात. झाड जवळजवळ नव्हतंच. काचेच्या जागी त्यांनी पेन्सिल टेकवली, उचलली, पुन्हा टेकवली. शेवटी तिथे बारीक अक्षरात लिहिलं: "इथे रूथ." ताईंनी तो कागद उचलून उजेडात धरला आणि बराच वेळ परत दिला नाही.

प्रदर्शन दोन आठवडे चाललं. त्यानंतर आमच्या केंद्रात एक बदल झाला: निवडीच्या दिवशीच, चित्रकाराच्या घरीच, प्रत्येक चित्राचा फोटो निघतो. हा नियम आधीही होता. आता तो पाळला जातो.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात दोघं सामान न्यायला आले. परत केलेल्या वस्तूंच्या रजिस्टरमध्ये तीन नोंदी झाल्या: जलरंगातलं चित्र, एक. हस्तलिखित यादी, चार पानं. पेन्सिलने काढलेली खिडकी, एक. साहेबांनी तिन्ही मोजून पाकिटात ठेवल्या, पाकीट बंद केलं आणि सही केली. मग पेनला टोपण लावण्याआधी पाकिटाच्या उजव्या कोपऱ्यात त्यांनी लिहिलं: वर्ग 'ए'.