एक रुपया येणे

"ताई, आमचा गणेश दिसंना झालाय," तांगडेकाका फोनवर म्हणाले.

गणेश म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा, बंगळुरूला आयटीत. मी हातातलं काम टाकलं.

"कधीपासून?"

"सकाळपासून. यादीत नावच नाय त्याचं."

म्हणजे गणेश सुखरूप होता. गायब झाला होता तो लॅपटॉपमधून.

मी चिकलठाण्यात अकाउंटिंग सॉफ्टवेअर बसवून द्यायचं आणि बिघडलं की दुरुस्त करायचं काम करते. गिऱ्हाईक बहुतेक दुकानदार. तांगडेकाका वेगळे. कारखान्याच्या स्टोअरमधून रिटायर झालेले, काकू गेल्यापासून एकटे. मित्रांना, नातेवाइकांना दिलेल्या उसन्या पैशांचा हिशोब ते सॉफ्टवेअरमध्ये ठेवत. प्रत्येकाचं वेगळं खातं. ज्याच्याकडून पैसे यायचेत, त्याच्या नावापुढं 'येणे' आणि रक्कम. एकेक जण पैसे फेडून यादीतून गेला होता. शेवटी गणेशच उरला होता.

मी काकांच्या घरी पोहोचले तेव्हा चहाचे दोन कप मांडून ठेवले होते. यादी कोरी. डेटा उडाला असेल म्हणून आधी बॅकअप पाहिला. सगळं जागेवर होतं. मग बँकेच्या नोंदी पाहिल्या. गणेशनं फ्लॅटसाठी घेतलेल्या पैशांचा शेवटचा हप्ता जमा झाला होता. खातं शून्य झालं की सॉफ्टवेअर ते नाव यादीतून लपवतं.

"काका, पैसे फिटलेत. चांगलीच गोष्ट आहे."

"व्हय," ते म्हणाले, पण चेहरा पडला. "हप्ता टाकला की फोन करायचा. 'बाबा, टाकलेत, बघा.' मग पाच मिनिटं बोलायचा. काल रात्री म्हणाला, 'बाबा, आता मोकळा झालो.' आता कशाला करील फोन?"

"मग तुम्ही करा."

"काय सांगून करू? तो मीटिंगमधी असतो."

संध्याकाळी माझ्या घराचं कुलूपही मीच उघडते, त्यामुळं शहाणपण शिकवायला तोंड नव्हतं.

काहीतरी करायचं म्हणून खातं पुन्हा वरून खाली तपासलं आणि एक रुपया सापडला. काकांनी पैसे देताना शुभ म्हणून वर एक रुपया दिला होता. पाच लाख एक. गणेशनं फेडले बरोबर पाच लाख. उरलेला रुपया सॉफ्टवेअरनं 'राऊंड ऑफ' केला, म्हणजे किरकोळ फरक समजून आपल्या मनानं सोडून दिला. असला रुपया परत मागायचा नसतो हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. पण हिशोबात तो होता.

मी राऊंड ऑफची नोंद रद्द केली. यादीत नाव आलं. गणेश, येणे एक रुपया.

काका ताठ बसले. फोन लावून स्पीकरवर टाकला.

"बाबा, काय झालं? मीटिंगमध्ये आहे."

"तुझ्याकडं एक रुपया निघतोय."

"काय? बरं, टाकतो."

"ऑनलाइन नको. सवडीनं आणून दे. दिवाळीला..."

"अहो बाबा, एका रुपयासाठी काय? ठेवतो."

फोन बंद झाला आणि पाठोपाठ टिंग वाजलं. एक रुपया जमा.

मला त्या टिंगचा फार राग आला. पोरगा वाईट नव्हता. कुणाची बाकी ठेवायची नाही हे तो शिकला होता, आणि शिकवलं काकांनीच असणार. काकांनी मेसेज दोनदा वाचला आणि चष्मा काढून ठेवला.

"टाका एंट्री," ते म्हणाले.

मी टाकली. यादी परत कोरी झाली.

निघताना त्यांनी माझ्या फीची पाचशेची नोट पुढं केली. मी ती घेतली आणि पर्समधून एक रुपयाचं नाणं काढून त्यांच्या हातावर ठेवलं.

"हा राहू द्या. तुमच्याकडं बाकी."

काकांनी नाणं उलटसुलट करून पाहिलं. "ऑनलाइन टाकू का?"

"नको. मी येईन न्यायला."

"कधी?"

"पुढच्या महिन्यात."

उधारी वेळेत वसूल करा, असं मी गिऱ्हाइकांना रोज सांगते. माझ्या ऑफिसच्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र राऊंड ऑफ बंद करून टाकलंय. तांगडे, येणे एक रुपया. वसुलीला तीनदा जाऊन आले. चहा होतो. गणेशचा फोन आला का, हे मी विचारत नाही, आणि काका रुपया काढत नाहीत.