तिसऱ्या मजल्यावरचा देश

जेद्द्यात मला ज्यांनी छप्पर दिलं ते माझ्या गावचे नव्हते, जमातीचे नव्हते, देशाचेसुद्धा नव्हते. ते येमेनी होते. बलदमधल्या, म्हणजे जुन्या शहरातल्या, एका बोळात चहा विकायचे आणि मी त्यांना चाचा म्हणायचो. नाव लिहीत नाही, पण उपकार आधी लिहून टाकतो. पुढे युद्ध येतं, आणि युद्ध आलं की चहावाले मागे पडतात.

मी सातवीतून शाळा सोडलेला. भूगोलाच्या मास्तरांनी लोकसंख्येची घनता शिकवायला घेतली त्याच आठवड्यात मी मासेमारीच्या होडीवर कामाला गेलो, त्यामुळे तो धडा राहिला. तो मला जेद्द्याने शिकवला, छडीशिवाय.

यात्रेकरूंच्या एका हॉटेलात सामान उचलायच्या कामावर मी आलो. कफीलने, म्हणजे ज्याच्या नावावर माझा परवाना होता त्या मालकाने, पहिल्याच दिवशी बजावलं, झोपायची सोय तुझी तू बघ. हॉटेलात पथारी पसरलेली दिसली तर खलास, परतीचं विमान. घरी आई आणि दोन बहिणी माझ्या पगाराकडे डोळे लावून बसलेल्या. म्हणून मी बॅग उचलली आणि ऐटीत आपल्या माणसांकडे गेलो. रत्नागिरीकडच्यांच्या तिथे खोल्या होत्या; दर गावाची वेगळी, मुंबईत असते तशी. दार उघडलं ते एका वडीलधाऱ्या मामूंनी.

"कुठला रे तू?"

गाव सांगितलं.

"म्हंजे खाडीच्या त्या अंगाचा?"

"हो."

"मग तुमची खोली दुसरीकडं असंल."

"आमच्या गावची खोलीच नाही, मामू. गावातून मी एकटाच आलोय."

"असं एकटं येतात का? आधी चार माणसं जमवायची होतीस." मग बराच विचार करून म्हणाले, "चहा घेतोस?"

चहा दिला. दुधाचा दिला, खोटं कशाला बोलू. एवढा समुद्र ओलांडून आलो होतो, पण ती खाडी काही मला ओलांडता आली नाही.

बोळात बॅगेवर बसलो होतो तेव्हा चाचांनी विचारलं, काय झालं. आमची बोलणी मोडक्या अरबीत आणि त्याहून मोडक्या हिंदीत. त्यांनी ऐकून घेतलं, टपरीवर फडकं टाकलं आणि मला समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर नेलं.

ती इमारत म्हणजे जगाचा नकाशाच, फक्त मोरी सामाईक. पहिल्या मजल्यावर मलबारी, दुसऱ्यावर पठाण, तिसऱ्यावर येमेनी, गच्चीवर सुदानी. खाट रिकामी झाली की त्याच देशाच्या माणसाला मिळायची. हा कायदा सांभाळायला घरमालकाने एक मिस्री, म्हणजे इजिप्तचा, मुकादम ठेवला होता. त्याच्या देशाचा इमारतीत दुसरा कुणी नव्हता, म्हणून तो स्वतः जिन्यात झोपायचा. कायदा म्हणजे कायदा.

"हा हिंदी येमेनी खोलीत कसा?" मुकादम ओरडला.

"याच्या आजोळी कुणीतरी येमेनी असणारच," चाचा म्हणाले. "आमची गलबतं कोकणात काय नुसता खजूर उतरवून परत आली?"

मुकादमाला हसू आलं आणि मला खाट मिळाली. माझ्या आजीला हे कधी कळू नये एवढीच दुआ मी केली.

पुढे एका ऑगस्टमध्ये इराकने कुवेत गिळला. आमच्या हॉटेलात कुवेती कुटुंबं आली. निर्वासित म्हटल्यावर मी डोक्यावर बोचकं असलेली माणसं बघायला धावलो. तर त्यांच्या गाड्या बोळात मावेनात. पण त्यांच्या बायका सामानाजवळ बसून रडायच्या, तेव्हा मी बॅगा अलगद ठेवायचो. रडणं सगळ्या देशांत सारखंच असतं, बॅगा तेवढ्या वेगळ्या.

शिक्षा मात्र झाली चाचांना. येमेनच्या सरकारने कुठल्याशा सभेत इराकविरुद्ध हात वर केला नाही, किंवा भलत्या वेळी केला, मला नीटसं कळलं नाही. चाचांनाही कळलं नव्हतं. ते तेव्हा पुदिना निवडत होते. तोवर येमेनींना कफील लागत नसे. आता सौदी सरकारचा हुकूम निघाला: कफील शोधा, नाहीतर निघा.

इमारतीत वीज यायच्या आधीपासून जेद्द्यात राहिलेला तो माणूस मला, काल आलेल्याला, विचारायचा, "हा कफील असतो तरी कसा रे?"

"सासऱ्यासारखा, चाचा. पुन्हापुन्हा भेटायला जावं लागतं आणि तो घरात नसतो."

चाचा भेटायला जाऊन आले. सासरे घरात नव्हते.

एकेक येमेनी जायला लागला. खोली रिकामी होत गेली, तसा मी रोज रात्री उरलेल्या खाटा मोजायला लागलो. मुकादमाने सांगितलं, शुक्रवारपर्यंत खोली कुठल्यातरी एका देशाची झाली पाहिजे, नाहीतर कुलूप. रियाध-दम्मामकडची माणसं क्षेपणास्त्रांच्या भीतीने आधीच इकडे सरकत होती. जिन्यातली पायरीसुद्धा मोकळी मिळेना. खोली गेली तर मी झोपणार हॉटेलात, आणि हॉटेलात झोपलो तर परतीचं विमान. हिशेब सातवीच्या मुलालाही जमेल असा होता.

आणि अशा वेळी कोण आलं? आपली माणसं! खाडीच्या पलीकडचे तेच मामू, हातात सुक्या बोंबलांची पुडी.

"काय रे, आला नाहीस परत? आम्ही वाट बघतोय."

"तुम्ही म्हणाला होतात, मी त्या अंगाचा."

"अरे, खाडी म्हंजे काय? पाणीच ना! माझे भाचे रियाधहून येतायत. त्यांना इथं टाकू, म्हंजे झाली खोली कोकणी. तू कोपऱ्यातली खाट घे. आणि या म्हाताऱ्याला सांग, जरा लवकर आवर म्हणावं."

चाचा तिथेच ट्रंक भरत होते. कुवेतवर ताबा मिळवायला रणगाडे लागले. आमच्या खोलीला बोंबील पुरणार होते. मी 'बघतो' म्हटलं. छप्पर जायच्या भीतीने त्याहून शूर शब्द तोंडातून निघेना.

चाचांना मराठी येत नव्हती, पण माझा चेहरा वाचता येत होता. ट्रंक तशीच उघडी टाकून ते बाहेर पडले आणि बलदमध्ये ज्यांच्या देशाची खोली नव्हती अशी माणसं गोळा करून आणली. एक एरिट्रियाचा, ज्याचा देश अजून नकाशावर यायचा होता. एक ब्रह्मदेशाचा स्वयंपाकी, ज्याला त्याचा देश आपला म्हणत नव्हता. एक चाडचा हमाल, एक सिलोनचा शिंपी. प्रत्येकाच्या हातात बॅग आणि तोंडावर 'इथूनही हाकलतील' हा भाव. तो मला पाठ होता.

मुकादम धावत आला. "ही खोली कुठल्या देशाची?"

"याची," चाचांनी माझ्याकडे बोट केलं. "हा इथला जुना रहिवासी. बाकीचे याचे देशबांधव."

"एकही चेहरा दुसऱ्यासारखा नाही!"

"नवीन देश आहे. होईल हळूहळू." मग चाचांनी आपल्या खाटेवरची चादर झटकली. "आणि नागरिक अजून कमी पडतायत. जिन्यात वारा फार लागतो म्हणत होतास ना?"

मुकादमाने खाटेकडे पाहिलं. कायद्याकडे पाहिलं. मग खाली जाऊन आपली उशी घेऊन आला.

मामू भाच्यांच्या सामानासकट आले तेव्हा मला तोंड उघडावंच लागलं नाही. मुकादम नव्या खाटेवरून ओरडला, "खलास! भरली!" मामूंनी एकेका चेहऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि जाताना बोंबील परत नेले.

चाचा एका ट्रकवर बसून दक्षिणेला गेले; सोबत ट्रंक, गॅसची शेगडी आणि टपरीचं बाकडं. मी रडायला लागलो तर म्हणाले, "यल्ला, कामावर जा, कफील वाट बघत असेल." ज्याला कफील मिळाला नाही तो मला माझ्या कफीलची आठवण करून देत होता.

जानेवारीत युद्ध पेटलं. आमच्या देशाने एकच रेडिओ घेतला आणि कुठल्या भाषेत बातम्या ऐकायच्या यावर पहिलं गृहयुद्ध केलं. मी टिकलो. माझा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, पुन्हा झाला, बहिणींची लग्नं झाली. चाचांचा पत्ता आजवर मिळालेला नाही. जाणाऱ्या-येणाऱ्यांना विचारत असतो.

आता मी गावी परतलोय. माझं घर लहान आहे आणि पुढचं बायकोला अजून सांगितलेलं नाही. पण चाचा, तुम्ही किंवा तुमचा कुणी नातू कधी आमच्या किनाऱ्याला लागलात, तर कुठले म्हणून मी विचारणार नाही. आधी खाट दाखवीन. आणि कुणी नाहीच आलं, तर हातपाय चालतायत तोवर मीच येमेनात येऊन तुम्हाला शोधीन. हे देणं मी ठेवणार नाही.